दोन झोनचं गटार

मी महापालिकेत पाच वर्षं नगरसेविका होते. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडं आणि मग माझ्या नवऱ्याकडं बघतात, म्हणून सुरुवात नवऱ्यापासूनच करते.

निवडणूक त्यानं लढवायची होती. दोन वर्षं तयारी चालली होती. गल्लीतल्या लग्नाला तो पहिला, मयताला पहिला, विणकरांचं शिष्टमंडळ कुठं निघालं की पुढच्या रांगेत. फोटोत उठून दिसावं म्हणून त्यानं पांढरे शर्ट शिवून घेतले होते. मग आरक्षणाची यादी लागली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. त्या दुपारी तो घरी आला तेव्हा मी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरत बसले होते. कर्नाटकातल्या आमच्या शहराच्या वडगाव भागात घरचे चार यंत्रमाग आहेत. ते चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. त्यानं मेन स्विच बंद केला, चारही माग थांबेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाला, "तुझं आधार कार्ड कुठं हाय?"

पत्रकावर डावीकडं माझा फोटो होता आणि उजवीकडं त्याचा. त्याचा जरा मोठा आला होता. छापणाऱ्याची चूक आहे असं तो म्हणाला.

प्रचारात मी फारसं बोलत नव्हते. हात जोडायचे आणि पुढं जायचं, एवढं मला शिकवलं होतं. गल्लीच्या टोकाला, गटाराला लागून एक म्हातारे विणकर राहायचे. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. आमच्या भागात घरोघरी यंत्रमाग आले तरी त्यांनी हातमाग सोडला नव्हता. तो माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायानं पट्ट्या दाबत वर हातानं धोटा फेकतो. आप्पांच्या खड्ड्यात पावसाळ्याचे चार महिने पाणी असायचं. गटार तुंबून फुगलं की भिंतीतून पाझरून ते थेट खड्ड्यात उतरायचं. मी हात जोडले तेव्हा ते कामातून न उठता म्हणाले, "पोरी, मत देतो. माझ्या पायाखालचं पाणी तेवढं बघ."

मी बघते म्हणाले. मागून कार्यकर्ते पुढं ढकलत होते.

मी निवडून आले. पहिल्या सभेच्या दिवशी आम्ही दोघं रिक्षानं महापालिकेत गेलो. मी नवीन साडी नेसले होते आणि नवऱ्यानं काखेत फाईल घेतली होती. फाईल रिकामी होती, पण हातात काहीतरी असलेलं बरं, असं त्याचं मत. इमारतीत खालच्या मजल्यावर खिडक्या होत्या. एका खिडकीत जन्म-मृत्यूचे दाखले, दुसरीत घरांच्या नोंदी, पुढं पाण्याच्या तक्रारी. वरच्या मजल्यावर एका टोकाला महापौर, दुसऱ्या टोकाला आयुक्त आणि मधे सभागृह. सभागृहाच्या दारात शिपायानं माझं नाव विचारलं, यादीत खूण केली आणि मला आत सोडलं. नवरा मागोमाग निघाला तेव्हा त्यानं आडवा हात धरला.

"मी यांचा मिस्टर," नवरा म्हणाला.

शिपायाला याचं काही वाटलं नाही. "मिस्टर लोकांची बाकडी तिकडं आहेत," तो म्हणाला आणि बोळाच्या शेवटाला बोट दाखवलं. तिथं पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरजवळ दोन लांब बाकडी होती. सात-आठ जण आधीच बसले होते. सगळ्यांचे शर्ट पांढरे होते आणि सगळ्यांच्या मांडीवर फाईल होती. नवरा माझ्याकडं बघत थोडा वेळ उभा राहिला. मग जाऊन बाकड्याच्या कडेला टेकला. पुढची पाच वर्षं महिन्यातून एकदा तो तिथंच बसला.

सभागृहात जागा वॉर्डाच्या क्रमानं होत्या. माझ्या डाव्या हाताला शेजारच्या वॉर्डाची नगरसेविका आली. ती माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, कन्नड शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका होती. उत्तर कर्नाटकात शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात. तिला सगळं सभागृह अक्कोरूच म्हणायचं, महापौरसुद्धा. मराठी ती चांगलं बोलायची, फक्त प्रत्येक वाक्य जरा थांबून, फळ्यावर लिहिल्यासारखं.

विषयपत्रिका कन्नडमध्ये होती. मला कन्नड बोलता येतं. सुताच्या दुकानात आणि साड्यांच्या बाजारात त्याशिवाय निभत नाही. पण वाचायचं म्हणजे एकेक अक्षर चाचपत जावं लागायचं. मी तिसऱ्या विषयाशी असेपर्यंत सभा नवव्याला पोचलेली असायची. अक्कोरूनं हे पहिल्याच दिवशी ओळखलं. कुणाला दिसणार नाही अशा बेतानं तिनं आपली विषयपत्रिका माझ्याकडं सरकवली आणि बोट ठेवून हळू आवाजात वाचायला लागली, वाचून झालं की मराठीत सांगायची. तिला मी साड्या ओळखायला शिकवलं. व्यासपीठावरच्या कुणाची साडी हातमागाची आणि कुणाची यंत्रमागाची, हे काठ बघून सांगता येतं. लांबलेल्या सभांमध्ये आम्ही हे पुष्कळ केलं.

शहर कोण चालवतं हेही तिनंच मला सांगितलं. मला वाटायचं की महापौर म्हणजे सगळ्यात वरचा. ती म्हणाली, महापौर वर्षभराचा असतो, आपल्यातूनच निवडायचा. आयुक्ताला सरकार पाठवतं आणि सही त्याची चालते. समारंभाला झगा घालायचा मान महापौराचा. त्याशिवाय चार स्थायी समित्या असतात. त्यातल्या आरोग्य समितीत मला घेतलं. समितीच्या अध्यक्षाला खोली मिळते. सदस्याला चहा मिळतो. वॉर्डांची वाटणी झोनमध्ये केलेली असते आणि प्रत्येक झोनचं ऑफिस वेगळ्या जागी. "मुख्य इमारतीत निर्णय होतो," अक्कोरू म्हणाली, "काम झोनमध्ये."

म्हणून आप्पांच्या पाण्यासाठी मी झोनमध्ये गेले. त्याआधी आरोग्य निरीक्षकाला विचारलं होतं. तो भला माणूस होता. गटार साफ करणं माझं, तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माणसं पाठवून साफही करून दिलं. पण गटाराची भिंत, उंची, उतार हे इंजिनियरचं. झोनचं ऑफिस एका भाजी मार्केटच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना कोथिंबिरीचा वास यायचा. तिथला इंजिनियर तरुण होता. त्यानं मला खुर्ची दिली, नकाशा पसरला आणि बराच वेळ त्यात आमचं गटार शोधलं.

"मॅडम, गटार तुमचंच आहे," तो म्हणाला. "पण अर्धं."

त्यानं पेन्सिलीचं टोक एका रेघेवर ठेवलं. वॉर्डांची हद्द गटाराच्या मधोमध जात होती. अलीकडची भिंत माझ्या वॉर्डात, त्याच्या झोनमध्ये. पलीकडची भिंत शेजारच्या वॉर्डात, दुसऱ्या झोनमध्ये. पलीकडची भिंत काही वर्षांपूर्वी वाढवून बांधली होती, अलीकडची जुनीच राहिली होती. त्यामुळं पाणी फुगलं की ते अलीकडं यायचं, म्हणजे आप्पांकडं. अलीकडची भिंत वाढवा, असं मी म्हटलं. तो म्हणाला, वाढवता येईल, पण मग पाणी पलीकडं जाईल आणि पलीकडच्या झोनकडून त्याला पत्र येईल.

मी विचारलं, "मग मधलं पाणी कुणाचं?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "ते आरोग्य विभागाला विचारावं लागेल," तो म्हणाला.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. त्याचा जन्म इथलाच, आणि लहानपणापासून त्यानं मोर्चांना जाऊन पाहिलेलं. तो घास गिळून म्हणाला, "म्हणजे हितं पण सीमाप्रश्न." आणि आमटी वाढायला सांगितली.

पलीकडचा वॉर्ड अक्कोरूचा होता. हे मला आधी कळायला हवं होतं, कारण ती माझ्या शेजारी बसत होती. पुढच्या सभेत मी तिला सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिच्या बाजूच्या लोकांनी ती भिंत आधीच्या नगरसेवकाच्या मागं लागून वाढवून घेतली होती. आता त्यांच्याकडं पाणी येत नाही. "ते कोरडे आहेत," ती म्हणाली. "कोरड्या माणसाला भिंत उतरव म्हणून मी कशी सांगू? तूच सांग."

तिनं पुढचा विषय वाचायला घेतला. त्यानंतर दोन-तीन सभा ती वाचायची आणि मी ऐकायचे, पण साड्यांचं बोलणं बंद होतं. मी आणखी तीनदा विषय काढला. दर वेळी ती म्हणायची, बघू.

मधल्या काळात बाकड्यावर या प्रश्नाचा निकाल लागला. अक्कोरूचे यजमान रेल्वेत होते, लोंढा स्टेशनवर बरीच वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. माझ्या नवऱ्याची आणि त्यांची गट्टी जमली होती. फिल्टरच्या कडेला बसून त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गटार काढलं. पलीकडची भिंत अर्धा फूट उतरवायची, अलीकडची अर्धा फूट चढवायची. बाकड्यावरच्या इतरांनीही मान्यता दिली. नवरा संध्याकाळी ती पत्रिका घेऊन घरी आला आणि म्हणाला, गटाराचं मिटलं.

मी विचारलं, भिंत कोण उतरवणार?

"ते ठरलंय," तो म्हणाला. पत्रिका त्यानं फाईलमध्ये ठेवली. फाईल आता रिकामी राहिली नव्हती. पुढचा पावसाळा आला तेव्हा दोन्ही भिंती होत्या तिथंच होत्या.

त्या पावसाळ्यात मी अक्कोरूला एवढंच म्हणाले की एकदा हातमागावर साडी विणताना बघायला या. गटाराचं नाव घेतलं नाही. तिला साड्यांची आवड लागली होती, ती आली. दिवसभर पावसाची झड लागली होती. आप्पांच्या घराचं दार बुटकं, आत एकच खिडकी, आणि मागावर अर्धी झालेली हिरवी साडी. आप्पा विणत होते. त्यांनी धोतर मांडीपर्यंत खोचलं होतं आणि पाय पोटऱ्यांपर्यंत काळ्या पाण्यात होते. पट्टी दाबली की पाणी हलायचं आणि खड्ड्याच्या कडेवर लागायचं. वर साडी कोरडी राहावी म्हणून त्यांनी गुडघ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता.

मी ओळख करून दिली. अक्कोरू कन्नडमध्ये बोलायला लागली आणि तेही कन्नडमध्ये उत्तरं देऊ लागले. किती दिवस लागतात, काठाचा रंग कुठून येतो, असं सगळं. त्यांनी पाण्याचं काही सांगितलं नाही. मला वाटलं आता सांगतील, पण ते त्यांच्या डोक्यातच नव्हतं. बोलता बोलता ते एकदा थांबले आणि तिच्या पायाकडं बघून म्हणाले, बाई, पदर-निऱ्या जरा वर घ्या, जमीन ओली आहे, साडी खराब होईल.

अक्कोरूनं निऱ्या वर घेतल्या. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो, धोटा इकडून तिकडं जाताना बघितला आणि निघालो.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तू मला हे सांगितलं नाहीस."

"चारदा सांगितलं."

"सभागृहात सांगितलंस," ती म्हणाली. ती उतरताना तिच्या निऱ्यांना चिखल लागलेला मला दिसला.

दोन दिवसांनी तिनं मला घरी बोलावलं. तिच्या वॉर्डातल्या त्या बाजूच्या लोकांना ती आधीच भेटून आली होती. कोण काय बोललं ते तिनं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की त्यांतले तिघं तिचे विद्यार्थी निघाले. तिनं अर्ज लिहून ठेवला होता, कन्नडमध्ये, शाळेतल्या वळणदार अक्षरात. दोन वॉर्ड, दोन झोन, एक गटार. सभेपुढं विषय म्हणून घ्यावा. खाली दोन सह्या. तिनं आधी केली, मग मी. मी मराठीत सही करते. ती म्हणाली, चालतं.

विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत लागला, पण यादीत अगदी खाली. मी चार वाक्यं कन्नडमध्ये पाठ केली होती. अक्कोरूनं उच्चार सुधारून घेतले होते. कांड्या भरताना मी ती म्हणायचे आणि मागांच्या आवाजात मलाच ऐकू यायची नाहीत, त्यामुळं सराव निवांत व्हायचा.

सभा सुरू झाली आणि पहिल्याच विषयावर वाद झाला. विषय एका चौकाच्या फलकाचा होता. त्यावर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, हे ज्यानं आमच्या भागात एक आठवडा काढलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही. आधी सदस्य बसून बोलले, मग उभे राहून, मग महापौरांच्या व्यासपीठासमोर जाऊन. अक्कोरूच्या भाषेचे लोक एकीकडं, माझ्या भाषेचे दुसरीकडं. आम्हा दोघींनाही दोन्हीकडून पुढं यायच्या खुणा होत होत्या. आम्ही उठलो नाही. पायात गोळा आलाय असं मी एकाला सांगितलं. अक्कोरूनं कारण दिलं नाही, तिला कुणी विचारायला धजलं नाही.

दुपार झाली. महापौर उभे राहिले आणि माईकमध्ये काहीतरी म्हणाले. गोंगाटात काही ऐकू आलं नाही. मग सगळे उठून चालायला लागले. मी अक्कोरूला विचारलं, "आपला विषय?"

"झाला," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. ते म्हणाले, उरलेले सर्व विषय मंजूर."

माझी चार वाक्यं तशीच राहिली. मला त्याचं जरा वाईट वाटलं, हे खरं सांगायला पाहिजे. बाहेर बाकड्यावर नवऱ्याला सांगितलं, मंजूर झालं. त्यानं अक्कोरूच्या यजमानांकडं बघून मान डोलवली. त्या दोघांचा समज आजही असा आहे की ते लग्नपत्रिकेमुळं झालं.

दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं होतं. मधे आमच्या शहरात भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तयारीत सगळे इंजिनियर अडकले, मग ते संपल्यावर मोकळे झाले. दोन्ही झोनचे इंजिनियर एकाच दिवशी आले. एक अलीकडं उभा राहिला, एक पलीकडं, आणि गटारावरून त्यांनी एकमेकांना टेपचं टोक दिलं. भिंतींना त्यांनी हातच लावला नाही. तळ खोल केला आणि खालच्या अंगाला उतार दिला. तुंबायचं कारण तळच होता. भाजी मार्केटवरचा तो तरुण इंजिनियर शेजारीच उभा होता. मी त्याला विचारलं की हे पहिल्या वर्षीच का सुचलं नाही.

"सुचलं होतं मॅडम," तो म्हणाला. "पण तळ दोघांचा आहे. एका सहीवर खणता येत नाही."

पुढच्या पावसाळ्यात मी रोज जाऊन बघत होते. खड्डा कोरडा राहिला. पहिले काही दिवस आप्पांना चैन पडत नव्हतं. सवयीनं धोतर वर खोचून बसायचे. पावसाळ्यात कोरड्या खड्ड्यावर विणलेली त्यांची पहिली साडी अक्कोरूनं नेली, निळी, बारीक काठाची. पुढं दोन वर्षांनी त्यांची नजर गेली आणि माग थांबला. त्यांच्या मुलानं खड्डा भरून घेतला आणि वर फरशी घातली. तिथं आता मोटरसायकल उभी असते. कधी त्या बाजूनं गेले की आप्पा ओट्यावर बसलेले असतात. मी बोलले की आवाजावरून ओळखतात आणि गल्लीतल्या दिव्याची तक्रार करतात. दिव्याचं खातं निराळं आहे, हे मी त्यांना सांगितलंय. ते व्हय म्हणतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा सांगतात.

आमची मुदत संपली. नवीन निवडणूक व्हायला बराच काळ गेला. तोवर सरकारनं नेमलेला एक अधिकारी एकटाच सगळं बघत होता. सभागृहाला कुलूप होतं. कचऱ्याची गाडी वेळेवर येत होती, पाणी पूर्वीइतकंच येत होतं. मी याची नोंद घेतली, पण नवऱ्याला बोलले नाही.

मग निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड सर्वसाधारण झाला. लोक पुन्हा घरी आले, आता नवऱ्याकडं. त्यांनी त्याला तासभर समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि नको म्हणाला. ते गेल्यावर मी कारण विचारलं. त्यानं रिकामे कप उचलले. मग म्हणाला, "आत बसलं की बाहेरचं काय कळत न्हाय गं." अक्कोरूच्या यजमानांना त्यानं फोन करून हेच सांगितलं, आणि त्यांना ते पटलं असावं, कारण दोघं बराच वेळ बोलत होते.

परवा मला घराच्या नोंदीचा एक उतारा हवा होता म्हणून मी महापालिकेत गेले. खालच्या मजल्यावर खिडकीसमोर रांग होती, तिच्यात उभी राहिले. आतल्या क्लार्कनं मला ओळखलं. उठून बाजूच्या दारातून बाहेर आला आणि आत येऊन बसा मॅडम म्हणाला. मी बसत नाही म्हणाले. त्यानं दोनदा आग्रह केला, मग बरं म्हणून आत गेला. माझ्या पुढं एक बाई होती, हातात पिशवी, पिशवीत कागद. तिनं हे सगळं बघितलं आणि मला विचारलं, तुम्ही इथं नोकरीला होता काय?

"तसंच म्हणा," मी म्हणाले.

तिनं कागद काढून दाखवले. सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलं होतं आणि ते दुरुस्त करायचं होतं. मी सांगितलं की ही खिडकी त्याची नव्हे, ती पहिली, आणि तिथं जायच्या आधी वरच्या मजल्यावरून अर्जावर शेरा आणावा लागतो. जिना चढून डाव्या हाताला, दुसरी खोली, दारावर पाटी नाही पण आत हिरवं कपाट आहे. तिनं दोनदा विचारून घेतलं आणि पिशवी सावरत जिन्याकडं गेली.

मी रांगेत एक पाऊल पुढं सरकले.